लेटरहेडवाल्या पीएने अभ्यास कधी करायचा?

पत्र थोडक्यात
(नाव, मतदारसंघ, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.)

वय २९, राज्यशास्त्रात एम.ए., चार वर्षांपासून विदर्भातल्या एका आमदारांकडे पीए. दिवसभर शिफारसपत्रं, दवाखान्याचे फोन, बदल्यांची निवेदनं, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर. अधिवेशन आलं की रात्री बारानंतर पेपरची कात्रणं पसरून प्रश्न टाइप करायचे. मागे एकदा आरोग्य केंद्रांवर तारांकित प्रश्न (म्हणजे सभागृहात मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायचा) टाकला, उत्तर आलं ‘हे खरे नाही’, आणि साहेब चारचौघांत म्हणाले, “काय रे हे?” त्यातच दिल्लीहून एक इंटर्न महिनाभर आला, त्याने बजेटवर इंग्रजीत दोन पानी नोट दिली आणि साहेब ती खिशात घालून फिरले. तेव्हापासून याला झोप नाही. दिल्लीतल्या फेलोशिपचं वय निघून गेलंय. एका खासगी संस्थेचा वर्षभराचा कोर्स आहे, फी दीड लाख, नोकरी सोडावी लागेल. साहेब म्हणतात इथे रोज शिकतोस ते कुठलं कॉलेज शिकवणार, बायको म्हणते दीड लाखात आधी घराच्या स्लॅबचं बघा. विचारतोय, “ताई, ट्रेनिंग नाही म्हणून मी जन्मभर लेटरहेडच सांभाळायचं का? कोर्स करू की नको?”

उत्तर

मित्रा, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या खिशातल्या नोटेपाशीच अडकले. फी, वय, स्लॅब हे सगळं खरं आहे, पण तुला लागलंय ते तिथे. चार वर्षं रात्री-बेरात्री फोन उचलणारा तू, आणि महिनाभर आलेल्या पोराची दोन पानं खिशात. लागणारच की. फक्त त्या लागण्यातून दीड लाखाचा निर्णय घेऊ नकोस एवढंच माझं पहिलं म्हणणं.

आता त्या नोटेबद्दलच एक विचारते. साहेबांनी ती सभागृहात वापरली का? तू लिहिलेलं नाहीस, पण माझा अंदाज आहे की नसावी, कारण नोट इंग्रजीत आणि आपलं विधिमंडळ चालतं मराठीत. ‘रेव्हेन्यू डेफिसिट’ला उभ्या उभ्या महसुली तूट म्हणायचं, मग ती आपल्या तालुक्यातल्या अर्धवट रस्त्याला जोडायची आणि समोरून मंत्री काही बोलले की त्यावर उपप्रश्न काढायचा, हे काम त्या नोटेत नव्हतं. ते तुझ्या टेबलावरचं काम आहे. त्या पोराला जे येतं ते तुला येत नाही हे मान्य, पण उलटंही तेवढंच खरं आहे आणि ते तुझ्या पत्रात एकदाही आलेलं नाही.

मी काही वर्षं पत्रकार गॅलरीत बसून अधिवेशनं बघितली आहेत. नागपूरच्या थंडीत सकाळी आठला आमदार निवासाच्या पायऱ्यांवर एका हातात चहा, दुसऱ्या हातात कार्यकर्त्यांच्या प्रवेशपत्रिकांचे अर्ज आणि काखेत साहेबांची फाइल, असे पीए शेकड्याने बघितलेत. त्यातले सभागृहाच्या कामात उजवे कोण हे दोन दिवसांत कळायचं, आणि त्यांच्याकडे सर्टिफिकेट होतं असं काही मला आठवत नाही. त्यांच्याकडे वही होती. वहीवर मी येतेच, पण आधी तुझ्या त्या फसलेल्या प्रश्नाकडे जाऊ, कारण तू तो पत्रासोबत जोडलायस आणि माझ्या मते सगळं उत्तर त्यातच आहे.

तू लिहिलं होतंस: “राज्यातील ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांची अत्यंत दुरवस्था झाली असून डॉक्टरांअभावी रुग्णांचे प्रचंड हाल होत आहेत, हे खरे आहे काय?” मग नेहमीचा साचा, असल्यास चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले, तदनुसार कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय. उत्तर आलं, (१) हे खरे नाही, आणि पुढच्या सगळ्या भागांना मिळून एकच ओळ, प्रश्न उद्भवत नाही. संपलं.

तू समजतोस हे इंग्रजी किंवा ट्रेनिंग नसल्यामुळे झालं. अरे, हे झालं ते ‘अत्यंत’ आणि ‘प्रचंड’मुळे. ही छापील उत्तरं मंत्री स्वतः लिहायला बसत नाहीत, मसुदा मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर तयार होतो. त्याच्यापुढे ‘अत्यंत दुरवस्था’ हे शब्द आले की त्याला काय करावं लागतं? काहीच नाही. दुरवस्था मोजता येत नाही, ती नाकारता येते. आणि पहिला भाग नाकारला की ‘असल्यास’ने सुरू होणारे बाकीचे भाग आपोआप मरतात, साचाच तसा आहे. आता असं लिहून बघ: अमुक तालुक्यातील अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदे मंजूर असून त्यापैकी एक पद अमुक तारखेपासून रिक्त आहे, हे खरे आहे काय? हे वाक्य त्या कक्ष अधिकाऱ्याला एकट्याने नाकारता येत नाही. त्याला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून माहिती मागवावीच लागते, आणि माहिती आली की तुझी तारीख खरी ठरते किंवा फार तर ‘हे अंशतः खरे आहे’ येतं, आणि अंशतः खरं असलं की पुढचे सगळे भाग जिवंत राहतात, सभागृहात साहेबांना धरायला जागा मिळते. ती रिक्त पदाची तारीख तुला कुठून मिळणार? कुठल्याच लायब्ररीत नाही. आरोग्य केंद्रातल्या ज्या क्लार्कच्या बदलीचं निवेदन तू टाइप केलंस त्याच्या एका फोनवर मिळते! तुझं लेटरहेड म्हणजे काय हे कळतंय ना आता. दिल्लीतल्या पोराकडे हा फोन नंबर नाही.

म्हणजे ट्रेनिंग नकोच असं मी म्हणतेय का, तर नाही. साहेबांचं ते “कुठलं कॉलेज शिकवणार” हे वाक्य मला अजिबात पटलेलं नाही. अनुभवाने हात चालतो, पण नियमांचं पुस्तक अनुभवाने पाठ होत नाही. लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, कधी द्यायची, कुठला विषय सभागृहाच्या नियम २९३ खालच्या चर्चेत नेला तर जास्त वेळ मिळतो, पुरवणी मागण्यांवर कपात सूचना, म्हणजे मागितलेली रक्कम कमी करा असा प्रस्ताव, कशी देतात, हे चार वर्षांत तुला कुणीही बसवून सांगितलेलं नाही, आणि ही तुझी चूक नाहीये. यात एक भानगड आहे जी बाहेरच्यांना माहीत नसते. ‘संसदीय कर्मचारी’ म्हटलं की त्यात दोन जाती येतात, एक सचिवालयाचे पगारी कर्मचारी आणि दुसरे सदस्यांचे स्वतःचे, म्हणजे तुम्ही लोक. लोकसभा सचिवालयाची ‘प्राइड’ नावाची प्रशिक्षण संस्था आहे, १९७६ साली ब्युरो म्हणून सुरू झाली, तिथे राज्यांच्या विधिमंडळ सचिवालयातली माणसंसुद्धा शिकायला जातात. पण तो मार्ग मुख्यतः पहिल्या जातीचा. तू ज्या फेलोशिपचं वय गेलं म्हणून हळहळतोयस ती लॅम्प, संसद आणि विधिमंडळांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस संस्थेची, २०१० पासून चालू आहे, तिथे अट पंचविशीची आणि काम खासदारांसोबत, आमदारांसोबत नाही. तू बावीसाव्या वर्षी जरी गेला असतास तरी नागपुरात ‘हे खरे आहे काय’ कसं लिहायचं हे तिथे शिकायला मिळालं नसतं. आमदाराचा पीए हा या सगळ्या व्यवस्थेत मधल्या मध्ये लटकलेला माणूस आहे, तर मग जुगाड करूनच शिकायचं.

पहिला जुगाड घरातलाच. विधानमंडळाचं स्वतःचं वि. स. पागे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे. पागे म्हणजे आपल्या विधान परिषदेचे १९६० ते १९७८ सभापती, सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे. रोजगार हमीची कल्पना त्यांची. साठच्या दशकात त्यांनी ती तासगाव भागात करून बघायला लावली, ७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, १९७७ ला कायदा झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू झाला. (एक कल्पना कायद्यात उतरायला दहा-बारा वर्षं! आणि तू एका प्रश्नाच्या उत्तरावर झोप घालवतोस.) त्या केंद्रातली व्याख्यानं मुख्यतः सदस्यांसाठी असतात, पण साहेबांच्या सहीचं एक पत्र सचिवालयाला जाऊ दे की आमच्या स्वीय सहायकांना बसू द्यावं, आणि जमलं तर ओळखीच्या चार-पाच पीएंच्या आमदारांची पत्रं सोबत जाऊ देत. एकाच्या पत्राला पोच मिळते, पाचांच्या पत्रावर निदान कुणीतरी विचार करतं. राष्ट्रकुल संसदीय मंडळाची (राष्ट्रकुल देशांतल्या विधिमंडळांची संघटना) महाराष्ट्र शाखा नागपूर अधिवेशनात विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासवर्ग घेते, तू एम.ए. करताना गेलाच असशील किंवा वर्गातलं कुणी गेलं असेल. त्याच मंडळाची ऑनलाइन अकादमीसुद्धा आहे, सदस्य आणि कर्मचारी दोघांसाठी, इंग्रजीत. पीएला प्रवेश मिळतो का हे सचिवालयात त्याच पत्रात विचारून टाक.

राज्यात बाकी संस्था आहेत. भाईंदरजवळ उत्तनला रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे, १९८२ पासूनची, लोकप्रतिनिधी आणि कार्यकर्त्यांचे वर्ग घेते, संघविचाराशी जोडलेली आहे हे डोळ्यांसमोर ठेवून जा, शिकायला हरकत काय. पुण्यात एमआयटीचं स्कूल ऑफ गव्हर्नमेंट २००५ पासून आहे. तुझा दीड लाखाचा कोर्स कुठला ते तू लिहिलंस, मी छापत नाही, पण फी भरायच्या आधी तिथे फोन करून एवढंच विचार की शिकवणाऱ्यांपैकी कुणी राज्य विधिमंडळाचा एक तरी प्रश्न स्वतः ड्राफ्ट केलाय का, आणि मराठी कागदांवर काम करून घेता का. समोरून ‘लीडरशिप’, ‘एक्स्पोजर’ असे शब्द येऊ लागले तर फोन ठेव आणि स्लॅबचं बघ. बायको बरोबर सांगतेय.

परिषदांचंही तू विचारलंयस. २०२४ च्या जानेवारीत पीठासीन अधिकाऱ्यांची अखिल भारतीय परिषद मुंबईत आपल्या विधान भवनातच झाली, ८४ वी. पहिली सिमल्याला १९२१ मध्ये झाली होती म्हणजे परंपरा शंभर वर्षांची. पण ते सभापती-अध्यक्षांचं आणि सचिवांचं व्यासपीठ, पीएच्या वाट्याला पास आणि पार्किंग. मला तरी अशा कार्यक्रमांतून फोटो जास्त आणि शिकणं कमी असंच वाटत आलंय, फक्त जेवणाच्या रांगेत दुसऱ्या राज्यातला कुणी तुझ्यासारखा भेटला तर त्याचा नंबर घे.

आता अभ्यासाचं साहित्य. तुला वाटतं रिसर्च दिल्लीत आणि इंग्रजीत असतो. बघ, साहेबांच्या कपाटात प्लास्टिकसुद्धा न काढलेली महाराष्ट्राची आर्थिक पाहणी असणार, दरवर्षी बजेटच्या आदल्या दिवशी मांडतात ती. ती मराठीत असते. अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्याजिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन काढतं, तेही मराठीत, आणि त्यात तालुकावार तक्ते असतात. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या कॅगचे अहवाल अधिवेशनात मांडले जातात, बहुतेकदा शेवटच्या दिवशी, जेव्हा सगळे बॅगा भरत असतात, म्हणून ते कुणी वाचत नाही आणि म्हणूनच ते तू वाचायचे. अख्खा नको, तुझ्या जिल्ह्याचं नाव शोध आणि तेवढी पानं काढ. लोकसभा-राज्यसभेची प्रश्नोत्तरं संसदेच्या वेबसाइटवर आहेत, केंद्राच्या योजनेबद्दल तिथे कुणी ना कुणी विचारलेलं असतंच आणि उत्तराच्या शेवटी राज्यनिहाय, कधी जिल्हानिहाय तक्ता जोडलेला असतो, तो तुझ्या प्रश्नाला आयता आधार. जीआर तर तू रोज बघतोसच, पण त्याच्या सांकेतांकाकडे कधी नीट बघितलंयस का, अठरा आकडे, त्यातले पहिले आठ म्हणजे तारीख. कुणी फोनवर नुसता क्रमांक सांगितला तरी जीआर कधीचा हे तुला कळतं, साहेबांसमोर एकदा करून दाखव, मजा येते.

इंग्रजीतलं फक्त दोन ठिकाणचं बघ आणि तेही मजकुरासाठी नाही, घाटासाठी, म्हणजे मांडणीसाठी. पीआरएसचं राज्य बजेटवरचं विश्लेषण, फुकट असतं, आणि ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्स लायब्ररीची टिपणं. १८१८ ची लायब्ररी आहे ती, खासदार कुठल्याही पक्षाचा असो, टिपण तेच. वर थोडक्यात काय ते, मग आकडे, मग आधी काय झालं, मत कुठेच नाही. हा घाट मराठीत आणलास की तुझीही नोट खिशात जाईल. दोन पानंसुद्धा नकोत, साहेब गाडीत वाचतात ना, मग एकच पान, मोठ्या टाइपात.

माहिती अधिकाराचा विचार तुझ्या डोक्यात आला असेलच. तीस दिवसांत उत्तर यायला हवं हे खरं, पण आमदाराच्या पीएने स्वतःच्या नावाने अर्ज टाकला की तालुक्यात त्याचा वेगळाच अर्थ निघतो, तेव्हा आधी साहेबांना विचारून.

वहीचं सांगते म्हणाले होते. माझ्या बघण्यातला एक पीए होता, आता निवृत्त झाला, त्याच्याकडे शाळेची दोनशे पानी वही असायची. डाव्या पानावर आपल्या साहेबांनी विचारलेला प्रश्न आणि तारीख, उजव्या पानावर मंत्री काय म्हणाले. “तपासून घेऊ”, “एका महिन्यात बैठक लावू”, “चौकशी करून कारवाई करू”, शब्द न् शब्द. सभागृहात मंत्र्यांनी दिलेलं असं आश्वासन हवेत विरत नाही, त्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते, पण समितीपुढे डोंगर असतो. हा माणूस पुढच्या अधिवेशनाच्या आधी वही उघडायचा आणि उजव्या पानावर जिथे टिक नाही तिथून नवा प्रश्न काढायचा. त्याला विषय शोधायला पेपरची कात्रणं लागायचीच नाहीत. त्याच्या आमदारांचं अभ्यासू म्हणून नाव झालं, आणि ते अभ्यासू कुणामुळे आहेत हे आम्हा गॅलरीतल्या सगळ्यांना माहीत होतं. तुझ्याकडे चार वर्षांचे प्रश्न आहेत. उत्तरांच्या याद्या काढ आणि आजच डावं पान भरायला घे, विषय मात्र एकच धर. आरोग्यावर तोंड पोळलंय ना, मग आरोग्यच घे.

वेळ कुठून आणायचा, हे तू विचारलं नाहीस पण तोच खरा प्रश्न आहे. साहेबांकडे वर्षाची सुट्टी मागितलीस तर ते नाहीच म्हणणार. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सात ते नऊ फोन दुसऱ्या पोराकडे, एवढंच माग. आणि मागायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस, त्या ‘हे खरे नाही’वाल्या प्रश्नाचा नवा मसुदा हातात घेऊन जा, रिक्त पदाच्या तारखेसकट. माणूस आमदार आहे, सभागृहात आपण उठून दिसणार असं वाटलं की दोन तास काय, लॅपटॉपसुद्धा देईल.

एका गोष्टीत मात्र तुझी भीती मला रास्त वाटते. २०२४ च्या नोव्हेंबरात निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत तुझ्या घशाखाली घास उतरला नाही असं लिहिलंयस. पीएची नोकरी ही साहेबांच्या नशिबाला बांधलेली नोकरी, ते पडले की तूही पडलास, आणि तुझ्याकडे दाखवायला काय, तर चार वर्षांची शिफारसपत्रं, तीही दुसऱ्याच्या सहीची. शिकायचं ते खरं म्हणजे यासाठी. २०२९ पर्यंत वेळ आहे. तोवर एका विषयावरच्या वीसेक टिपणांची फाइल तुझ्याजवळ असेल, तर दुसरे आमदार, एखादी सामाजिक संस्था, वर्तमानपत्र, कुणापुढेही ती ठेवता येते. साहेबांना सांगूनच ठेव, लपवून नको. टिपणात मतदारसंघातल्या माणसांची नावं, आजार, अर्ज यातलं काही येऊ द्यायचं नाही, ती त्यांची माहिती आहे, तुझी नाही. आणि नोकरी टिकवून शनिवार-रविवार करता येईल असा, कमी फीचा कोर्स सापडला तर खुशाल कर, माझा विरोध दीड लाखाला आणि राजीनाम्याला आहे. हे बाकी पीएंनाही लागू, मुली असाल तर जास्तच, कारण तुम्हाला अधिवेशनाला नागपूरला नेतच नाहीत आणि मतदारसंघातलं ऑफिस तेवढं तुमच्या गळ्यात, अशी पत्रं माझ्याकडे तीन आली आहेत. तुम्ही वही घरून भरू शकता.

नागपूरच्या अधिवेशनासाठी प्रश्न द्यायची मुदत बरीच आधी संपते, तेव्हा ती तारीख आधी बघून ठेव. आणि त्या इंटर्नचा नंबर तुझ्याकडे असेलच, त्याला फोन कर. त्याला सांग तुझी नोट मी मराठीत करतो, बदल्यात बजेटचं पुस्तक कुठून उघडायचं ते मला शिकव. पोरगं दिल्लीला परत गेलंय म्हणतोस, त्यालाही कुणीतरी विदर्भातून फोन केला तर बरंच वाटेल.